कोजागिरीचा चंद्र आणि न दिसणारा उजेड

२६ ऑक्टोबर २०१५ हा सोमवार होता, आणि त्या रात्री कोजागिरी होती. प्रकाशा या आमच्या गावच्या घाटावर आम्ही पंधरावीस माणसं दुधाची कढई उतरवून चंद्र वर येण्याची वाट पाहत बसलो होतो. तापी पावसाळ्यानंतरची, भरलेली, जवळजवळ आवाज न करता वाहत होती. लहानपणी अशाच रात्री आजीमाय मला जवळ ओढायची, पेला चंद्राकडे तिरपा धरायची आणि विचारायची, "चांद दूधमा उतरना का रे भाऊ?" उतरल्याशिवाय प्यायचं नाही, असा तिचा नियम. तो आम्ही अजून पाळतो.

आमचं गाव तापीच्या उत्तर तीरावर, गोमाईच्या संगमापाशी आहे. केदारेश्वराच्या घाटावर नदीकडे तोंड केलं की ते आपोआप दक्षिणेला होतं. त्या रात्री आठच्या सुमाराला समोर, क्षितिजापासून चाळीस अंशांच्या आत, एकच ठळक तारा होता. मीनास्य. दक्षिण मत्स्य या तारकासमूहातला हा एकुलता एक ठसठशीत तारा पौर्णिमेच्या उजेडातही टिकतो. त्याच्या उजवीकडे, साधारण तेवढ्याच उंचीवर, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या रुंदीपेक्षा थोड्या जास्त अंतरावर आकाश रिकामं दिसत होतं. त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत एक दीर्घिका आहे. तिचं नाव पीकेएस २१५५-३०४. नाव कसलं, पत्ताच तो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या यादीतली, विषुवांश २१ तास ५५ मिनिटं, क्रांती उणे ३०.४ अंश. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे दीडशे कोटी वर्षं लागतात.

त्याच दिवशी, आम्ही दूध आटवायच्या तयारीत असताना, पृथ्वीपासून ६५० किलोमीटर उंचीवर ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचं झाकण उघडलं होतं. मुंबईत कुलाब्याला घडवलेल्या आरशांमधून त्या दुर्बिणीने आयुष्यात पहिल्यांदा जे पाहिलं, ते हेच पीकेएस २१५५-३०४.

हे मला नंतर कळलं. कळल्यावर तारीख पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. योगायोगावर लेख लिहू नये हे मला मान्य आहे. पण आकाशातल्या क्ष-किरणांच्या अभ्यासाची सुरुवातच चंद्राकडे पाहण्यासाठी उडवलेल्या एका रॉकेटने झाली आहे. त्यामुळे ही गोष्ट कोजागिरीपासून सांगायला मला संकोच वाटत नाही.

ते साल १९६२. जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुलाब्यातल्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. जूनमध्ये, ज्येष्ठी पौर्णिमा होऊन एखादा दिवस उलटला असताना, अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्स तळावरून मध्यरात्रीच्या मिनिटभर आधी एक एरोबी रॉकेट सुटलं. तारीख १८ जून. रिकार्दो जॅकोनी, हर्बर्ट गर्स्की, फ्रँक पाओलिनी आणि ब्रुनो रॉसी या चौघांचा हा प्रयोग. सूर्याचे क्ष-किरण चंद्रावर पडतात. त्यामुळे चंद्राची माती स्वतःच्या घटकांप्रमाणे ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकत असली पाहिजे. ते पकडता आले तर चंद्रावर न जाता तिथे काय आहे ते कळेल. कल्पना चोख होती. पुढे आपल्या चांद्रयान-२ वरच्या 'क्लास' या उपकरणाने चंद्राची माती याच रीतीने तपासली. पण १९६२ मध्ये ते जमलं नाही. चंद्राकडून येणारं काहीच त्यांना सापडलं नाही.

याआधीच्या प्रयत्नांत एकदा रॉकेटनेच दगा दिला होता आणि एकदा उपकरणांची दारं उघडली नव्हती. या वेळी दारं उघडली. किरण मोजणाऱ्या तीन नळ्या, गायगर मोजण्या, नेल्या होत्या, त्यांतल्या दोन चालल्या. रॉकेट स्वतःभोवती फिरत होतं, त्यामुळे मोजण्यांपुढून आकाशाचा एक पट्टा पुन्हा पुन्हा सरकत होता. वातावरणाच्या दाट थराबाहेर त्यांना मिळाली जेमतेम सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत प्रत्येक फेरीला मोजणीचा आकडा एका ठरावीक दिशेला उसळी घेत होता, आणि ती दिशा चंद्राची नव्हती. ती वृश्चिक राशीकडची होती. सूर्यमालेबाहेरून येणारा क्ष-किरणांचा पहिला उगम असा सापडला. त्याला पुढे स्को एक्स-१ म्हणू लागले.

या उसळीची गोष्ट बहुतेक पुस्तकांत असते. मला मात्र त्याच सहा मिनिटांत नोंदलेली दुसरी गोष्ट जास्त ओढ लावते. रॉकेट कुठल्याही दिशेला वळलं तरी मोजणी शून्यावर येत नव्हती. वृश्चिकाकडे नसतानाही, चंद्राकडे नसतानाही, सगळ्या बाजूंनी सारखीच एक मंद बरसात चालू होती. आकाश क्ष-किरणांत काळं नव्हतंच. पिठूर चांदणं कुठल्या एका ताऱ्याचं नसतं, सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, तसं काहीतरी. फरक इतकाच की चांदण्याचा धनी डोळ्यांसमोर असतो आणि या उजेडाचा धनी कुणालाच माहीत नव्हता. 'पार्श्वभूमीचं क्ष-किरण प्रारण' असं जड नाव त्याला मिळालं. ते कुठून येतं, हा प्रश्न पुढची चाळीसेक वर्षं पुरला. त्या प्रश्नाच्या उत्तरातच सक्रिय दीर्घिका होत्या.

क्ष-किरण तापीच्या पाण्यावर कधीच उतरत नाहीत. हाडांचा फोटो काढताना ते शरीरातून आरपार जातात, म्हणून आपल्याला वाटतं की त्यांना कुणी अडवू शकत नाही. पण डोक्यावरचं वातावरण वजनाच्या हिशेबात दहा मीटर पाण्याएवढं जाड आहे, आणि तेवढ्या थरातून ते पार होत नाहीत. हे जीवसृष्टीच्या भाग्याचंच आहे. मात्र ज्याला हे किरण पाहायचे आहेत त्याला जमीन सोडावी लागते. रॉकेट महाग, आणि त्याने मिळतात मिनिटं. म्हणून कुलाब्याच्या लोकांनी फुग्याची वाट धरली.

टाटा संस्थेकडे विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी पॉलिथिनचे अजस्र फुगे बनवण्याचं आणि उडवण्याचं कसब होमी भाभांच्या काळापासून होतं. बी. व्ही. श्रीकंठन यांच्या पुढाकाराने १९६८ पासून हैदराबादहून क्ष-किरण मोजणारी उपकरणं फुग्यांना बांधून वर जाऊ लागली. पहाटेच्या शांत हवेत हायड्रोजन भरायचा. जमिनीवर असताना फुगा एखाद्या लांब, सुरकुतलेल्या पिशवीसारखा दिसतो, कारण वर जाईल तसा त्यातला वायू फुगणार असतो. चाळीसेक किलोमीटरवर तो आडवा तरंगू लागतो आणि तिथे काही तास मिळतात. मग दोर कापायचा. उपकरण हवाई छत्रीने खाली येतं, तेलंगण, कर्नाटक किंवा महाराष्ट्रातल्या कुणाच्या तरी शेतात. सापडलेली पेटी उघडू नका, पोलिसांना कळवा, असं आवाहन त्यासाठी वर्तमानपत्रांतून केलं जातं. तुरीच्या रानात आकाशातून उतरलेली ती पेटी पाहणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. तिच्यात दूरच्या ताऱ्यांच्या नोंदी असतात, हे त्याला कुणी नीट समजावून सांगितलं असेल का?

पण चाळीस किलोमीटरवरही डोक्यावर हवेचा पातळ थर उरतोच. त्यातून फक्त जास्त ऊर्जेचे, कठीण म्हणतात ते क्ष-किरण खाली पोहोचतात. मृदू क्ष-किरणांना तेवढी हवाही पुष्कळ होते. सक्रिय दीर्घिकांच्या गर्भाची खरी खबर या मृदू किरणांत बरीच असते. फुग्यांनी एक पिढी तयार केली, हात तयार केले. पण त्या दीर्घिका त्यांच्या टप्प्याबाहेर राहिल्या.

सक्रिय दीर्घिका म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेचा उजेड हा तिच्यातल्या अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र उजेड असतो. १९४३ मध्ये कार्ल सायफर्ट यांनी अशा काही दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचा नेमका मधला ठिपका वाजवीपेक्षा फार तेजस्वी होता आणि त्याच्या वर्णपटात वेगाने धावणाऱ्या वायूच्या खुणा होत्या. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी कन्या राशीतल्या ३सी २७३ या 'ताऱ्या'चा वर्णपट उलगडला. त्याच्या रेषा जवळजवळ सोळा टक्के तांबड्याकडे सरकल्या होत्या. म्हणजे तो तारा नव्हताच. दोनशे कोटी प्रकाशवर्षांपलीकडे बसून ताऱ्यासारखा दिसण्याइतका झगझगीत असा तो क्वेसार होता. एवढं तेज ताऱ्यांनी देणं शक्य नाही. हळूहळू उत्तर पुढे आलं. मधोमध लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर, त्यात पडण्यापूर्वी भोवऱ्यासारखी गरगरणारी वायूची तबकडी, आणि घर्षणाने पेटलेली ती तबकडी. तबकडी अतिनील किरणांत तेजाळते. तिच्या वर, कृष्णविवराच्या अगदी लगत, शंभर कोटी अंश तापमानाच्या इलेक्ट्रॉनांचा ढग असतो, त्याला करोना म्हणतात. तबकडीतून निघालेले अतिनील कण त्या ढगात शिरतात, इलेक्ट्रॉनांचे धक्के खात खात बाहेर पडतात आणि तोवर क्ष-किरण झालेले असतात.

म्हणून क्ष-किरण महत्त्वाचे. दीर्घिकेच्या सगळ्या उजेडात कृष्णविवराच्या सर्वांत जवळून आलेला उजेड हाच.

जवळून म्हणजे किती, हे मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. समजा घाटावर दिव्यांची फार लांब रांग आहे, आपण तिच्या एका टोकाला उभे आहोत आणि सगळे दिवे एकाच क्षणी विझले. तरी आपल्याला ते एकदम विझलेले दिसणार नाहीत. जवळचा आधी जाईल, लांबचा त्याच्या उजेडाला यायला लागेल तेवढ्या वेळाने. रांग उजेडाच्या एक तासाच्या वाटेइतकी लांब असेल तर पूर्ण काळोख व्हायला एक तास लागेल. उलट, एखादा उगम तासाभरात निम्मा मंदावत असेल तर तो प्रकाश-तासापेक्षा फारसा मोठा असू शकत नाही. १९८३ ते १९८६ या काळात एक्झोसॅट या युरोपीय उपग्रहाने सायफर्ट दीर्घिकांकडे सलग दिवसदिवस टक लावून पाहिलं, तेव्हा त्यांचे क्ष-किरण काही तासांत कमीजास्त होताना दिसले. लाख प्रकाशवर्षं रुंद दीर्घिकेत हा सगळा खेळ आपल्या सूर्यमालेएवढ्या जागेत चालला होता.

मधल्या काळात उपग्रहांची रांग लागली होती. १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्यावरून 'उहुरू' उडाला, क्ष-किरण खगोलशास्त्रासाठीच बांधलेला पहिला उपग्रह. त्याच्या अखेरच्या यादीत ३३९ उगम होते. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये 'आइन्स्टाइन' गेला आणि दूरच्या आकाशाच्या क्ष-किरणांतल्या खऱ्याखुऱ्या प्रतिमा प्रथमच मिळू लागल्या. या दोन्हींच्या मागे जॅकोनी होते. २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे १९ एप्रिल १९७५ ला सुटलेल्या 'आर्यभट' या पहिल्या उपग्रहात क्ष-किरणांचा प्रयोग ठेवला होता. थोड्याच दिवसांत प्रयोगांचा वीजपुरवठा बंद पडला. आपला देश पहिलाच उपग्रह बनवतो आणि त्यात दूरदर्शनही नाही, हवामानही नाही, तर ताऱ्यांचे क्ष-किरण पाहायचं उपकरण ठेवतो, या गोष्टीचं मला आजही अप्रूप आहे.

पुढची दोन दशकं आपल्या संशोधकांनी दुसऱ्यांच्या दुर्बिणींनी काम केलं. ते काम दुय्यम नव्हतं. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिज सोडून कुलाब्याला आले. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले अजित केंभावी पुढे केंब्रिजला गेले आणि १९८२ मध्ये त्यांनी अँड्र्यू फेबियन यांच्यासोबत एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता क्ष-किरण देणारे क्वेसार आणि पार्श्वभूमीचं प्रारण. म्हणजे १९६२ च्या त्या सहा मिनिटांतलाच प्रश्न: आकाशभर पसरलेली ही मंद बरसात म्हणजे वेगवेगळे ओळखू न येणाऱ्या असंख्य क्वेसारांची बेरीज असेल का, असेल तर किती टक्के?

१९८५ मध्ये टाटा संस्थेचे कुलिंदर पाल सिंग यांनी गार्मायर आणि नाउसेक या अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर एका सायफर्ट दीर्घिकेच्या मृदू क्ष-किरणांत हिशेबापेक्षा जास्त तेज असल्याचं दाखवलं. मार्केरियन ५०९ ही ती दीर्घिका. या अवांतर तेजाला आता जगभर 'सॉफ्ट एक्सेस' म्हणतात. त्याचं मूळ नेमकं कशात आहे यावर अजून वाद चालू आहेत, आणि त्या वादावरच्या निबंधांत १९८५ चा हा संदर्भ अजूनही येतो. पुढच्याच वर्षी केंभावी, फायगेलसन आणि सिंग या तिघांनी रेडिओ क्वेसार घेतले. अशा क्वेसारांना मधला रेडिओ गाभा असतो आणि दोन्ही बाजूंना लाखो प्रकाशवर्षं पसरलेले रेडिओचे पुंजके. क्ष-किरणांचं नातं कशाशी, गाभ्याशी की पुंजक्यांशी? त्यांच्या आकड्यांनी गाभ्याकडे बोट दाखवलं. गाभ्यातून जवळजवळ प्रकाशवेगाने उसळणाऱ्या झोताचा क्ष-किरणांत वाटा असतो, ही समज पक्की व्हायला अशा कामांची मदत झाली. परक्या उपग्रहांच्या आकड्यांवर हे काम झालं.

१९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली. नारळीकर तिचे पहिले संचालक, केंभावी पहिल्यापासूनचे सहकारी. देशभरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्र करता यावं, हा तिचा हेतू. या दोघांनी मिळून सक्रिय दीर्घिकांवर पाठ्यपुस्तक लिहिलं, ते केंब्रिज विद्यापीठाने १९९९ मध्ये काढलं. पुस्तकात त्यांनी प्रचलित चित्र नीट, सविस्तर मांडलं आहे; विश्वाच्या उगमाबद्दल नारळीकरांची मतं प्रवाहाविरुद्ध असली तरी विद्यार्थ्याच्या हातात द्यायच्या पुस्तकात त्यांनी ती लादली नाहीत. शिक्षकाचा हा गुण मला फार मोठा वाटतो.

आणि चंद्र? चंद्राचा हिशेब २९ जून १९९० ला झाला. रोझॅट या जर्मन पुढाकाराच्या उपग्रहाने त्या दिवशी अर्ध्या चंद्राकडे पाहिलं. उजळ अर्धी बाजू क्ष-किरणांत मंद दिसत होती, म्हणजे जॅकोनींचा १९६२ चा अंदाज बरोबर होता, फक्त त्या रॉकेटच्या मोजण्या तेवढ्या तीक्ष्ण नव्हत्या. पण चित्रातली खरी नवलाई काळ्या अर्ध्या बाजूत होती. ती बाजू आजूबाजूच्या आकाशापेक्षा काळी होती. चंद्र पार्श्वभूमीच्या त्या बरसातीला आड येत होता; त्याची सावली दिसत होती. आपण ज्याला काळं आकाश म्हणतो ते उजळ, आणि त्यावर चंद्र हा काळा डाग! आजीमायला हे चित्र दाखवता आलं असतं तर तिने पेला कुठे धरला असता, कोण जाणे.

ती बरसात कसली, हे १९९९ च्या जुलैत 'चंद्रा' ही वेधशाळा गेल्यानंतर स्पष्ट झालं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव तिला दिलं आहे. तिच्या धारदार दृष्टीला तो सारखा पसरलेला उजेड वेगवेगळ्या ठिपक्यांत फुटलेला दिसला. ठिपके बहुतांश सक्रिय दीर्घिकांचे होते. दूरवरून गव्हाचं शेत म्हणजे एक पिवळा पट्टा दिसावा आणि जवळ गेल्यावर एकेक ओंबी दिसावी, तसं झालं.

मग आपली स्वतःची दुर्बीण कशाला? उत्तर सक्रिय दीर्घिकांच्या चंचलपणात आहे. तबकडी अतिनील किरणांत बोलते, करोना क्ष-किरणांत, झोत सगळ्यांत. अतिनीलची नोंद एका उपग्रहाने मंगळवारी घ्यायची आणि क्ष-किरणांची दुसऱ्याने पुढच्या रविवारी, तर मधल्या काळात ती दीर्घिका बदललेली असते. एकाच क्षणी, एकाच उपग्रहावरून, अतिनीलपासून कठीण क्ष-किरणांपर्यंत सगळं पाहायचं, ही कल्पना भारतीय संशोधकांनी मांडली. २१ मार्च १९९६ ला आयआरएस-पी३ या उपग्रहावर टाटा संस्थेच्या तीन क्ष-किरण मोजण्या गेल्या आणि चांगल्या चालल्या. प्रल्हादचंद्र अग्रवाल यांच्यासारख्या, फुग्यांवर घडलेल्या मंडळींना त्यातून धीर आला. २००४ मध्ये ॲस्ट्रोसॅटला मंजुरी मिळाली. उड्डाणाला आणखी अकरा वर्षं लागली, आणि त्यातला मोठा वाटा आरशांसारख्या गोष्टींनी खाल्ला.

क्ष-किरणांचा आरसा ही वस्तूच विलक्षण आहे. साध्या आरशावर क्ष-किरण समोरून पडला तर तो आत घुसतो, परतत नाही. लहानपणी आम्ही तापीत चपट्या ठिकऱ्या फेकायचो. ठिकरी वरून टाकली की बुडते. पाण्याला चाटून जाईल अशी आडवी फेकली की टप्पे घेत जाते. क्ष-किरणांचं तसंच आहे. गुळगुळीत सोन्याला ते अंशभराच्या आसपासच्या कोनात, चाटून गेले तरच परावर्तित होतात. म्हणून हा आरसा परातीसारखा नसतो, नळकांड्यासारखा असतो, आणि समोरून येणाऱ्या किरणाला त्याची फक्त पातळ कड दिसते. कडेवर किती किरण मावणार? मग एकात एक, एकात एक अशी नळकांडी बसवायची. ॲस्ट्रोसॅटच्या मृदू क्ष-किरण दुर्बिणीत अशी ४० कवचं आहेत. प्रत्येक कवच चार तुकड्यांचं, आणि किरणाला दोन टप्पे देण्यासाठी दोन संच; एकूण ३२० आरसे. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर सोन्याचा थर, आणि त्या थराचा गुळगुळीतपणा इतका की खडबडीतपणाचं माप अणूंच्या आकाराशी ताडावं लागतं. तुकडा घडवायचा, तपासायचा, बसला नाही तर बाजूला ठेवून दुसरा घडवायचा. हे काम टाटा संस्थेत, कुलाब्यात झालं. दमट, खाऱ्या हवेच्या मुंबईत. सिंग यांच्या नेतृत्वाखालच्या गटात तंत्रज्ञांचे किती हात होते, त्यांची नावं निबंधांच्या मथळ्याखाली येत नाहीत. पण हा आरसा त्यांचा आहे. कॅमेऱ्यासाठी ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाचं सहकार्य घेतलं होतं.

उपग्रहावर आणखी उपकरणं होती. झेनॉन वायूने भरलेल्या तीन मोठ्या मोजण्या टाटा संस्थेच्या. कठीण क्ष-किरणांसाठी १६,३८४ घरांचा कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचा पट. त्याचं नियंत्रण आणि नोंदींची चाळणी आयुकात. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने झालेली अतिनील दुर्बीण. आणि आकाशावर पहारा ठेवणारं एक उपकरण. सगळं मिळून १,५१५ किलो.

२८ सप्टेंबर २०१५ ला सकाळी दहा वाजता श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सुटलं. कक्षा मुद्दाम विषुववृत्ताच्या लगतची, अवघ्या सहा अंशांनी कललेली निवडली होती, कारण दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्यात उपकरणांना त्रास होतो. त्यामुळे ॲस्ट्रोसॅट प्रकाशाच्या डोक्यावरून कधीच जात नाही. तापीच्या पलीकडे, दक्षिण क्षितिजाजवळून तो खालून खालूनच निघून जातो.

पहिला महिनाभर दुर्बीण डोळे मिटूनच होती. जमिनीवरून सोबत गेलेली वाफ, बाष्प, प्लॅस्टिकचा सूक्ष्म धूर हे सगळं पोकळीत निघून जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर ते थंड कॅमेऱ्यावर आणि सोन्यावर जाऊन बसतं. आधी दुर्बिणीचं दार उघडलं. कॅमेरा शून्याखाली ८० अंशांच्या आसपास थंड केला. आणि २६ ऑक्टोबरला कॅमेऱ्याचं झाकण उघडायचा हुकूम गेला. अशा क्षणी काय होऊ शकतं, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. व्हाइट सँड्सच्या त्या न उघडलेल्या दारांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. झाकण उघडलं. चित्राच्या मध्यभागी एक ठिपका आला.

पीकेएस २१५५-३०४ ही ब्लेझार जातीची दीर्घिका आहे. तिच्या कृष्णविवरातून निघणारा झोत जवळजवळ थेट आपल्या दिशेने रोखलेला आहे, म्हणून ती इतकी तेजस्वी, आणि इतकी लहरीही. २००६ च्या जुलैत नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी तिचे गॅमा किरण अवघ्या काही मिनिटांत बदलताना पाहिले होते. कुलाब्याच्या आरशांना पाहायला मिळालेली पहिली वस्तू अशी होती. आमच्या प्रकाशा गावच्या टेकाडावर १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तिथली सर्वांत जुनी वस्ती सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. त्या सोमवारी आरशांवर उतरलेले किरण त्याहून चार लाख पट जुने होते.

पुढची दहा वर्षं सरळ गेली नाहीत. तीन झेनॉन मोजण्यांपैकी एकीतला वायू गळत गेला आणि २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. अतिनील दुर्बिणीची एक वाहिनीही त्याच वर्षी गेली. पाच वर्षांसाठी बांधलेला उपग्रह तरीही दशक ओलांडून चालला. आयुकात गुलाब देवांगन आणि त्यांच्या विद्यार्थ्याने आयसी ४३२९ए या सायफर्ट दीर्घिकेची अतिनील आणि क्ष-किरणांतली एकाच वेळची निरीक्षणं घेतली, आणि तबकडीतून निघालेले अतिनील कणच करोनात क्ष-किरण होतात, हे २०२१ मध्ये प्रत्यक्ष आकड्यांनी दाखवलं. एकाच क्षणी सगळं पाहायचं, हा जो हट्ट वीस वर्षांपूर्वी धरला होता, तो यासाठी होता. टाटा संस्थेच्या वर्षा चिटणीस आणि सहकाऱ्यांनी लडाखमधल्या हानलेच्या 'हगार' दुर्बिणींतून मार्केरियन ४२१ सारख्या ब्लेझारांचा पाठलाग केला, तीही याच घराण्यातली गोष्ट.

ॲस्ट्रोसॅटच्या नोंदींचा साठा २०१८ पासून सगळ्यांसाठी खुला आहे. त्या कशा वाचायच्या हे शिकवणाऱ्या कार्यशाळा आयुका विद्यापीठांमध्ये घेते. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या मुलीने इंटरनेट जोडलेल्या संगणकावर त्या उतरवून घेतल्या, तर एखाद्या सायफर्ट दीर्घिकेचं तसं अवांतर तेज तिला स्वतः मोजता येईल. यासाठी तिला कुणाची परवानगी लागत नाही.

आता दर कोजागिरीला दूध गाळून झालं की मी मुलांना घेऊन घाटाच्या शेवटच्या पायरीवर जातो. मीनास्य दाखवतो. मग मूठ धरायला लावतो, हात लांब करून, ताऱ्याच्या उजवीकडे. गेल्या वेळी एक लहानगा बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "काका, तठे ते काहीच नही शे." मी त्याला म्हटलं, मूठ थोडी अजून उजवीकडे घे.